वस्तीच्या आरोग्यात वस्तीचा वाटा किती?

सोलापूरच्या कोणत्याही पेठेत किंवा नगरात आरोग्यासाठी काही करायचे ठरले की सर्वांना पहिल्यांदा शिबिर सुचते. जयंती असो, कोणाचा वाढदिवस असो वा गणेशोत्सव, समाजमंदिरात टेबले मांडली जातात, रक्तदाब आणि साखर तपासली जाते, चष्म्याचे नंबर काढले जातात, आठवडाभराच्या गोळ्या हातावर ठेवल्या जातात आणि सायंकाळी मंडप उतरतो. शिबिरे भरवणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. अनेकांचा मधुमेह पहिल्यांदा अशाच शिबिरात उघडकीस आलेला आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. ज्या बाईची साखर वाढलेली निघाली, तिला पुढच्या महिन्याची गोळी कोठून मिळणार, ती गोळी घेते की नाही हे कोण पाहणार आणि तिचे दिवसभराचे बैठे काम, अपुरी झोप व अवेळी जेवण यांविषयी कोण कोणाशी बोलणार, याचे उत्तर शिबिराजवळ नसते. वस्तीचे आरोग्य सुधारायचे असेल, तर वस्तीत आधीपासून उभ्या असलेल्या संस्था आणि महापालिका यांच्यात कायमची भागीदारी हवी, आणि माहिती, पैसा व निर्णय या तिन्हींत वस्तीला वाटा मिळाल्याखेरीज त्या व्यवस्थेला भागीदारी म्हणता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

या मताची कसोटी लावायची तर पाण्यापासून सुरुवात करावी लागेल. सोलापूरला उजनी धरण, टाकळी येथे भीमा नदी आणि हिप्परग्याचा एकरुख तलाव यांतून पाणी मिळते. तरीही कित्येक वर्षांपासून बहुतेक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि उन्हाळ्यात किंवा जलवाहिनी फुटली की ही पाळी आणखी लांबते. त्यामुळे पूर्व भागातल्या अरुंद बोळांतून जाताना दारालगत एकाला एक चिकटून उभे असलेले निळे प्लास्टिकचे बॅरल, उंबऱ्याशेजारी बांधलेला सिमेंटचा हौद आणि त्याच्या काठावर पालथे घातलेले हंडे घरोघरी दिसतात. बॅरलचे मूळ झाकण बहुधा हरवलेले असते. त्याच्या जागी पत्र्याचा तुकडा, एखादी फळी किंवा विरलेला टॉवेल टाकलेला असतो. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला याहून सोयीची जागा नको. त्याची मादी स्वच्छ साठवलेल्या पाण्याच्या पातळीलगत, भांड्याच्या आतल्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. अंड्यापासून उडता डास तयार व्हायला उबदार हवेत साधारण आठ ते दहा दिवस पुरतात, आणि कोरड्या भांड्यालाही चिकटून राहिलेली अंडी महिनोन्महिने तग धरून पुन्हा पाणी भरताच फुटतात. म्हणून नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही, भांडे आतून घासावे लागते.

आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असे आवाहन दर पावसाळ्यात केले जाते. शास्त्राच्या दृष्टीने ते अचूक आहे, पण ज्या घरात कालच पाणी भरले गेले आणि पुढची पाळी चार दिवसांनी आहे, त्या घरातल्या बाईला आज बॅरल रिकामा करा असे सांगण्याला अर्थ नाही. ती ऐकणार नाही, आणि ऐकू नये हेच शहाणपणाचे आहे. बॅरल घासण्याची खरी वेळ म्हणजे पाणी येण्याआधीचे काही तास, कारण तेव्हा तो तसाही तळाला गेलेला असतो. ही वेळ प्रत्येक भागासाठी वेगळी असते, ती पाणीपुरवठा विभागाला ठाऊक असते आणि त्याहूनही नेमकी ती व्हॉल्व्ह सोडणाऱ्या चावीवाल्याला ठाऊक असते. डासअळ्या शोधत घरोघरी फिरणारे हिवताप विभागाचे कर्मचारी मात्र आपल्या वेगळ्या वेळापत्रकाने येतात, आशा ताई तिसऱ्याच दिवशी येतात, आणि घरातल्या माणसांना दोघेही एकच सल्ला चुकीच्या दिवशी देतात. चावीवाला, आशा आणि गल्लीतल्या मंडळाचे दोन कार्यकर्ते यांनी आदल्या संध्याकाळी ‘उद्या पाणी आहे, आज बॅरल घासून ठेवा’ एवढा निरोप दिला, तर औषधफवारणीने जे साधत नाही ते साधू शकते. यासाठी लागणारा खर्च नगण्य आहे. लागते ती एक गोष्ट, जी आजवर वस्तीला मिळालेली नाही: पाण्याची पाळी महापालिकेने जाहीर करायची, ती पाळायची, आणि मोडली तर कळवायचे. माहितीत वाटा मिळणे म्हणजे काय, याचे याहून साधे उदाहरण मला सापडलेले नाही. वस्तीनेही मग आपली माहिती द्यायला हवी. कोणत्या घरात अळ्या सापडल्या, कोणत्या गल्लीत एकाच वेळी तिघे तापाने पडले, हे नागरी आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळले पाहिजे.

ही मागणी नवी नाही. प्राथमिक आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य दोन्ही आहे, असे १९७८ च्या आल्मा आटा येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्याने सांगितले. १९८६ च्या ओटावा येथील तशाच परिषदेच्या सनदेने आरोग्य हे दवाखान्याइतकेच घर, काम, पाणी, अन्न आणि शिक्षण यांत घडते, असे मांडून समूहाच्या कृतीला आरोग्यवर्धनाच्या पाच मार्गांपैकी एक मानले. आपल्याकडेही २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात त्याची तरतूद आहे. साधारण ५०,००० लोकसंख्येला एक नागरी आरोग्य केंद्र, १,००० ते २,५०० लोकसंख्येमागे एक आशा, आणि ५० ते १०० कुटुंबांमागे १० ते १२ बायकांची महिला आरोग्य समिती अशी ही रचना असून समितीला स्वतःच्या निर्णयाने खर्च करण्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांचा मुक्त निधी मिळायचा असतो. म्हणजे चौकट आहे. पण या समित्यांना बहुतेक ठिकाणी कार्यक्रमाला बायका जमवण्याचे साधन समजले जाते, त्यांच्या बैठकीचा विषय वरून ठरून येतो, आणि आपल्या गल्लीत अशी समिती आहे हेच शेजारच्या घराला माहीत नसते.

ही चौकट जिवंत झाल्यावर काय घडते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावातल्याच, बहुतांश निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. या कामाचे कौतुक करताना त्या बायकांच्या जिद्दीबद्दल पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या मागे गावोगावची शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी होती, गावाची माहिती गोळा करण्यापासून पाणी आणि स्वच्छतेच्या कामांपर्यंत गाव स्वतः गुंतलेले होते, याचा विसर पडू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले आणि तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. ग्रामीण भागात जे साधले ते शहरात तसेच्या तसे लागू होणार नाही, हे मान्य आहे. शहरी वस्तीत भाडेकरू बदलत राहतात, ग्रामसभा नसते आणि शेजाऱ्याचे आडनावही पुष्कळदा माहीत नसते. मात्र सोलापूरच्या वस्त्या या बाबतीत पुण्या-मुंबईसारख्या नाहीत. येथे पिढ्यान्‌पिढ्या एकाच धंद्यात आणि एकाच पेठेत राहिलेली माणसे आहेत, आणि त्यांच्या संघटनेची परंपरा कापड गिरण्यांच्या काळापासूनची आहे.

विडी कामगार बायकांचेच पाहा. तेंदूपानाची चवड, तंबाखूचे सूप मांडीवर, पाय दुमडलेले, मान खाली, आणि बोटे दिवसभर चाललेली, अशा बैठकीत हजार विड्या वळल्याशिवाय त्यांची दिवसाची मजुरी पुरी होत नाही. तंबाखूची भुकटी श्वासातून जाते, निकोटीन कातडीतूनही शरीरात उतरते, पाठ आणि मान कायमची धरते, आणि घर लहान असेल तर त्याच खोलीत तान्हे मूल झोपलेले असते. या बायकांसाठी आरोग्य केंद्र सकाळच्या वेळेत उघडे ठेवून उपयोग नाही, कारण ती त्यांच्या कामाची आणि कारखान्यात माल देण्याची वेळ असते. त्यांना मराठी पत्रके वाटूनही फारसा उपयोग नाही, कारण पूर्व भागातल्या असंख्य घरांत बोलणे तेलुगूत चालते. इतर वस्त्यांत कन्नड आहे, उर्दू आहे. केंद्राची वेळ कोणती असावी आणि माहिती कोणत्या भाषेत द्यावी, हे मंत्रालयात बसून ठरवता येत नाही, पण विडी कामगार बायकांच्या प्रतिनिधींसोबत एक तास बसले तर ते ठरते. विड्यांचा माल जिथे जमा होतो ती जागाच तपासणीची जागा का होऊ नये? तेथे बायका ठरलेल्या वेळी येतात, रांगेत थांबतात, एकमेकींना ओळखतात. कारखानदाराने जागा द्यायची, संघटनेने बायकांना तयार करायचे, महापालिकेने परिचारिका आणि औषधे पाठवायची, आणि रक्तक्षय, रक्तदाब, क्षयरोग यांची नोंद त्याच बाईच्या नावाने महिन्यामागून महिना पुढे चालवायची. विडी उद्योगावरील उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर रद्द झाला आणि कामगारांच्या कल्याणासाठी असलेला स्वतंत्र पैशाचा स्रोत गेला. त्यामुळे आता ही जबाबदारी कारखानदार, कामगार संघटना आणि महापालिका यांनी एकत्र येऊन उचलण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

या कामगारांना भागीदारी शिकवायला कोणी जाऊ नये. कुंभारीजवळ विडी कामगार बायकांची १०,००० घरांची गोदुताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिचे हस्तांतर झाले, तेव्हा तिच्यामागे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे चाललेली कामगारांची चळवळ, कामगारांची सहकारी संस्था, त्यांचा स्वतःचा हिस्सा आणि केंद्र व राज्य शासनाचे अनुदान असे सारे होते. त्याच वाटेने पुढे असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचे रे नगर उभे राहू लागले आणि त्यातली पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. ज्या बायकांनी घरासाठी पै-पै भरली, कागदपत्रे गोळा केली, मोर्चे काढले आणि सरकारशी वाटाघाटी केल्या, त्यांना आरोग्याच्या बाबतीत मात्र केवळ ‘लाभार्थी’ म्हणून रांगेत उभे करणे हा त्यांच्या कर्तृत्वाचा अवमान आहे.

सोलापुरातल्या उत्सव मंडळांविषयी सुशिक्षित वर्गात बोलले जाते ते बहुधा आवाज आणि वर्गणी यांपुरतेच. मला ते अपुरे वाटते. आजोबा गणपतीची जुनी परंपरा सांगणाऱ्या या शहरात गणेशोत्सव, नवरात्र, आंबेडकर जयंती, मार्कंडेय रथोत्सव आणि सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा यांच्या निमित्ताने गल्लीगल्लीत तरुणांची फळी तयार असते. कोणाच्या घरी म्हातारी एकटी आहे, कोणाचा मुलगा मावा आणि दारूच्या आहारी गेला आहे, रात्री दोन वाजता रिक्षा कोणाची मिळेल, हे या तरुणांना ठाऊक असते. एप्रिल २०२० मध्ये तेलंगी पाच्छा पेठेत शहरातला पहिला कोरोना रुग्ण सापडल्यानंतरच्या महिन्यांत जी वस्ती अनोळखी पथकाला दार उघडायला कचरत होती, तिने आपल्याच गल्लीतल्या मुलाने दार वाजवल्यावर ते उघडले, हे अनेकांनी पाहिले आहे. मंडळांमध्ये दोषही आहेत. ती पुरुषांची आहेत, त्यांच्यात चुरस असते, निवडणुका जवळ आल्या की त्यांच्यावर राजकीय ताबा बसवण्याचा प्रयत्न होतो. म्हणून वस्तीच्या आरोग्याची सूत्रे मंडळांकडे सोपवावीत असे मी म्हणणार नाही; ती महिला आरोग्य समितीकडेच असावीत, आणि समितीने ठरवलेल्या कामात मंडळाने मनुष्यबळ द्यावे. हा क्रम उलटा झाला तर काम बायकांचे आणि फलकावरचे नाव पुढाऱ्याचे, असे होण्यास वेळ लागणार नाही.

या साऱ्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो घेणाऱ्यांत कामगार चळवळीतले जाणते लोकही आहेत. लोकसहभागाच्या नावाखाली शासन आपली जबाबदारी गरिबांच्या खांद्यावर टाकते, असे त्यांचे म्हणणे आहे. ते निराधार नाही. आशा ताईंना पूर्ण वेतनाऐवजी मोबदल्यावर राबवले जाते, आणि महिला आरोग्य समितीतल्या बायकांचा वेळ फुकट गृहीत धरला जातो. हाच प्रकार वाढवायचा असेल तर भागीदारी नको, हे मलाही मान्य आहे. डॉक्टरांची रिक्त पदे, औषधांचा तुटवडा आणि फुटक्या जलवाहिन्या यांवर कोणत्याही गल्लीची समिती उपाय करू शकत नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये खाटा वाढल्या, २०१२ मध्ये जीवनदायी योजना सुरू झालेल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होते, आता महात्मा जोतिराव फुले योजनेचे विमा संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत गेले आहे. हे सर्व आवश्यक आहे, पण ते माणूस दवाखान्यात दाखल झाल्यानंतरचे आहे. त्याआधीच्या टप्प्यावर, म्हणजे पाणी, कचरा, कामाची जागा, व्यसन आणि पोषण या बाबतींत, महापालिकेला जाब विचारणारी संघटित वस्ती नसेल तर महापालिका आपली जबाबदारी पार पाडतेच असा अनुभव नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात २००७ पासून झालेल्या लोकाधारित देखरेखीच्या प्रयोगात लोकांनी आरोग्य केंद्रांचे गुणपत्रक तयार करून जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवले, आणि बंद उपकेंद्रे उघडण्यासारखे बदल त्यातून घडले. भागीदाराला हिशेब मागण्याचा अधिकार असतो; तो अधिकार दिल्यावर शासनाची जबाबदारी कमी होत नाही, ती टाळणे अवघड होते.

सोलापुरात ही गरज अधिक तीव्र आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या, २०११ च्या जनगणनेत आपले शहर साडेनऊ लाखांचे होते, आणि तरीही सामान्य नागरिकाला आपल्या प्रभाग समितीची बैठक कधी होते हे सांगता येत नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तर कित्येक वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात तक्रार घेऊन कोणाकडे जायचे, हा प्रश्न नगरसेवकावर टीका करणाऱ्यांनाही पडला. लोकप्रतिनिधी असोत वा नसोत, टिकून राहणारे व्यासपीठ वस्तीजवळ असलेच पाहिजे.

ते व्यक्तीवर अवलंबून राहू नये, यासाठीही काळजी घ्यावी लागते. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये, तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना, हातभट्टीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांत ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. केवळ छापे घालून दारू थांबत नाही हे ओळखून अधिकाऱ्यांनी एकेक वस्ती दत्तक घेतली, कुटुंबांचे समुपदेशन केले आणि पर्यायी रोजगारासाठी इतर विभागांना व बँकांना सोबत आणले. दारू हा आरोग्याचाच प्रश्न आहे आणि तो रोजगाराच्या दाराने सुटू लागतो, हे या उपक्रमाने दाखवले. मात्र अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. असे काम पुढे चालायचे असेल तर त्याच्या नोंदी, निधी आणि बैठका तांड्यातल्या लोकांच्या हाती राहायला हव्यात.

यंत्रमागधारक, औषध दुकानदार आणि खासगी डॉक्टर यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. मागाच्या खडखडाटात बारा-बारा तास उभ्या असलेल्या कामगाराचे कान आणि सुताच्या धुळीने भरणारी छाती यांची तपासणी हा मालकाच्या उपकाराचा भाग नाही. ती त्याची जबाबदारी आहे, आणि यंत्रमागधारकांच्या संघटनेने ती सामुदायिकपणे उचलली तर एकेकट्या लहान मालकावर भार येणार नाही. खोकल्याचे औषध दोन-तीनदा नेणारा गिऱ्हाईक कोण, हे मेडिकलवाल्याला सर्वांत आधी कळते. त्याने थुंकी तपासणीसाठी चिठ्ठी दिली तर क्षयरोगाचे निदान आठवड्यांनी अलीकडे येईल. सहकारी तत्त्वावरचे अश्विनी रुग्णालय ज्या शहरात उभे राहिले, तेथे डॉक्टरांच्या संघटनेला वस्तीच्या समितीत बसणे अवघड वाटू नये.

सुरुवात सगळ्या शहरात एकदम करू नये. पूर्व भागातले एक, नई जिंदगी किंवा कुमठा नाक्याकडचे एक आणि शहराबाहेरच्या घरकुल वसाहतींमधले एक, अशी तीन आरोग्य केंद्रे निवडावीत. प्रत्येक ठिकाणी दर महिन्याला एकच बैठक व्हावी, ती संध्याकाळी व्हावी, तिला पाणीपुरवठा, हिवताप, घनकचरा आणि आरोग्य या विभागांचा निर्णय घेऊ शकणारा माणूस हजर असावा, आणि मागच्या बैठकीत कोणी काय कबूल केले होते ते सुरुवातीलाच तेथल्या भाषेत वाचून दाखवावे. समितीतल्या बायकांना बैठकीच्या दिवसाची बुडालेली मजुरी भरून द्यावी. मुक्त निधीची रक्कमही वाढायला हवी, कारण शंभर घरांमागे वर्षाला ५,००० रुपये म्हणजे एका घरामागे ५० रुपये होतात. पण ती वाढेपर्यंत आहे ती रक्कम निदान वेळेवर यावी. पावसाळा संपल्यावर हाती पडलेल्या पैशातून बॅरलला झाकणे बसवता येत नाहीत. मे महिन्याअखेर निधी समितीच्या खात्यात जमा होईल अशी लेखी हमी महापालिकेने दिली, तर झाकणांची मोजमापे घेण्याचे काम समितीच्या बायका एप्रिलमध्येच उरकू शकतात आणि ती बसवण्याचे काम जूनच्या पहिल्या आठवड्यात मंडळांच्या मुलांकडे सोपवता येते.